बीएस्सीच्या पहिल्याच वर्षात एमएस्सी-पीएचडीचा विचार: सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी कराडची, यंदा एफवाय बीएस्सीला आहे. फिजिक्स, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स असे तीन विषय घेतलेत. पुढच्या वर्षी मेजर (मुख्य विषय) ठरवायचा आहे, तो फिजिक्सच घेणार. खगोलभौतिकीत संशोधन करायचं हे शाळेपासून मनात आहे. बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा दिली होती, नंबर लागला नाही, म्हणून बीएस्सी.

घरात सध्या रोज हाच विषय निघतो. आमच्याकडे पदवीला गेलेली मीच पहिली, त्यामुळे विचारावं असं जवळचं कुणी नाही. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचा विरोध नाही, पण त्यांना हिशेब हवाय. बीएस्सी तीन की चार वर्षं, मग एमएस्सी, मग पीएचडीची पाच-सहा, म्हणजे पोरगी कमावणार कधी? मैत्रिणी म्हणतात जॅमचा (आयआयटींच्या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा) क्लास आत्तापासूनच लावू. एक काका म्हणतात आधी पदवी तर पदरात पडू दे, मग बघू. मला दोन्ही पटत नाही. पहिल्या वर्षात नेमकं काय केलं म्हणजे तिसऱ्या वर्षी हातात काहीतरी असेल? परदेशाचंही डोक्यात आहे, पण त्यातलं मला काहीच कळत नाही. जे या वाटेने गेलेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. कितीही लांब असलं तरी वाचेन.

वेताळटेकडी

स्वागत! मी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करतोय आणि बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजातूनच केलीय. तेव्हा आयसर हुकलं म्हणून काही संपलं, हे आधी डोक्यातून काढ. बीएस्सीनंतर पुन्हा सगळी दारं उघडतात.

एमएस्सीसाठी आयआयटींची जॅम, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी पीजी, आणि पुणे, मुंबई, शिवाजी विद्यापीठांची आपापली प्रवेशप्रक्रिया. दुसरा मार्ग इंटिग्रेटेड पीएचडीचा. बीएस्सीनंतर एकदाच प्रवेश, एमएस्सी वाटेत होते. बंगळुरूचं आयआयएस्सी त्यासाठी जॅमचे गुण बघतं, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था स्वतःची जीएस परीक्षा घेते, आणि जेस्ट ही सामाईक परीक्षा अनेक संशोधन संस्थांना चालते. या सगळ्या परीक्षा तिसऱ्या वर्षात. आत्ता फक्त त्या आहेत एवढं माहीत असू दे.

आत्ता जे करायचं ते वेगळंच आहे, कारण काही गोष्टी फक्त पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करता येतात आणि नेमक्या त्याच लोकांना उशिरा कळतात.

सगळ्यात आधी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती. बारावीला तुझ्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असशील तर वर्षाला 80,000 रुपये मिळतात. त्यातले 60,000 थेट आणि 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठी. मूलभूत विज्ञान शिकत असशील तर एमएस्सीपर्यंत चालू राहते. अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षातच करायचा असतो, पुढच्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. यंदाची सूचना निघाली का ते आजच बघ.

दुसरं, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम. 2004 पासून चालू आहे आणि तो मुद्दाम बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. शिबिरं होतात, राहायची सोय तेच करतात, आणि त्यातून निवडलेल्यांना पुढे मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रकल्प मिळतो. टीवायला गेल्यावर हे दार बंद.

तिसरं, गणित सोडू नकोस. हे ठळक अक्षरांत वाच. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) ठरवताना बरेच जण फिजिक्सबरोबर इलेक्ट्रॉनिक्स मायनर घेतात, कारण तिथे मार्क बरे पडतात. बऱ्याच आयआयटी एमएस्सी फिजिक्सला पदवीत किमान दोन सेमिस्टर गणित झालेलं मागतात. नेमकी अट जॅमच्या माहितीपुस्तिकेत संस्थेगणिक दिलेली असते. अट राहू दे बाजूला, पण ज्या विषयात तुला जायचंय तिथे गणिताशिवाय पान हलत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिचं उदाहरण घे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. दोन-दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघतात, अशा 435 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक फूरिए घटक, म्हणजे ते चित्र ज्या साध्या लहरींत मोडता येतं त्यांतली एक लहर, मोजते. ते सगळे घटक जुळवून चित्र उभं राहतं. फूरिए रूपांतर पक्कं नसेल तर आलेल्या डेटाकडे नुसतं बघत बसावं लागतं.

सांगलीकर_आई

धागा अगदी वेळेवर आला. माझा मुलगा पण एफवायलाच आहे. इथल्या एका क्लासवाल्यांनी तीन वर्षांचं जॅम पॅकेज सांगितलंय, पहिल्या वर्षापासून शनिवार-रविवार. फी एकदम भरली तर सूट. म्हणतात आत्ता सुरू केलं नाही तर मागे पडाल. बाकीच्या चार पालकांनी भरली पण. काय करावं कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

फळा_खडू

ताई, घाईत पैसे भरू नका. मी बरीच वर्षं बीएस्सीला फिजिक्स शिकवतोय, जॅमला बसलेली मुलं दरवर्षी बघतो.

पेपर कसा असतो ते बघा. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. 30 प्रश्न नेहमीचे, चारांतला एक पर्याय निवडायचे. 10 प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर ओळखले तरच गुण. आणि 20 प्रश्नांना पर्यायच नाहीत, उत्तराची संख्या काढून टाइप करायची. म्हणजे अर्ध्या पेपरात तुक्का चालत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात चुकलं तर गुण कापतात. अभ्यासक्रमात काय आहे? गणिती पद्धती, यांत्रिकी, दोलनं-तरंग-प्रकाश, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, आधुनिक भौतिकी, थोडं घनस्थिती आणि इलेक्ट्रॉनिक्स. यातलं बहुतेक एफवाय-एसवायलाच शिकवतात! आज वर्गात यांत्रिकी चालू असेल तर त्याच आठवड्यात त्या प्रकरणामागची सगळी गणितं स्वतः सोडवायची. उत्तर न बघता, कागदावर, आकृती काढून. तुमचा मुलगा तेवढं करत असेल तर त्याचा जॅमचा क्लास चालूच आहे. जुन्या प्रश्नपत्रिका जॅमच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटेलवर फुकट आहेत.

एसवाय संपल्यावरच्या सुट्टीत त्याला स्वतःला वाटलं की वेळ लावून पेपर सोडवायचा सराव हवा, तर तेव्हा टेस्ट सिरीज घ्या. शनिवार-रविवार पहिल्या वर्षापासून क्लासला दिले तर प्रॅक्टिकलचा, वाचनाचा, मित्रांशी गणितावरून भांडायचा वेळ जातो, आणि तोच वेळ मोलाचा आहे.

आता धागाकर्तीसाठी. बाळ, वर जे लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. मी एकाच गोष्टीवर जरा जास्त लिहितो, कारण त्यावर कुणी बोलत नाही. जर्नल.

आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहितात ते तुलाही आता दिसलं असेल. सीनियरचं जर्नल आणायचं, रीडिंग थोडी इकडंतिकडं करायची, उत्तर पुस्तकातल्या किमतीच्या जवळ आणायचं, सही घ्यायची. 20 पैकी 18 मिळतात. आणि मुलाला संशोधनाची जी पहिली पायरी शिकायची असते ती तिथेच हुकते.

साधा लंबक घे. दोरी एक मीटर, मोजपट्टीने एक मिलिमीटरपर्यंत मोजलीस. 20 आंदोलनांना 40.14 सेकंद लागले, म्हणजे आवर्तकाल 2.007 सेकंद. सूत्रात घातलंस की g (गुरुत्वत्वरण) येतो 9.80. इथपर्यंत सगळे करतात. आता विचार, या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? स्टॉपवॉच सुरू आणि बंद करताना तुझ्या बोटाची चूक धरू 0.2 सेकंद. ती 20 आंदोलनांत वाटली की आवर्तकालात 0.01 सेकंद, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून g मध्ये एक टक्का. लांबीची चूक फक्त एक दशांश टक्का, ती इथे नगण्य. तेव्हा तुझं खरं उत्तर 9.80 अधिक-उणे 0.10. ज्या जर्नलात 9.8067 लिहिलंय ते मोजलेलं नाही, हे कुणीही जाणता माणूस एका नजरेत ओळखतो.

आणि मजा पुढे आहे. चूक कमी करायची तर मोजपट्टी चांगली आणून काही होणार नाही, आंदोलनं 20 ऐवजी 100 मोजली पाहिजेत. हे तुझं तुला सुचलं की तू प्रयोग करायला लागलीस. एनआययूएसच्या शिबिरात, मुलाखतीत, पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत तुला हेच विचारणार आहेत.

म्हणून एक साधी वही कर. पक्कं जर्नल कॉलेजला हवं तसं दे, पण या वहीत त्या दिवशीची खरी रीडिंग पेनानं लिही. चुकलेलं खोडून टाकू नकोस, एक रेघ मार आणि का चुकलं ते शेजारी लिही. तारीख घाल. तुमच्या सरांना ती वही दाखव. ज्या मुलीची अशी वही मी तीन वर्षं बघितली, तिच्या शिफारसपत्रात काय लिहू हे मला शोधावं लागत नाही.

गणिताचा_नाद

सरांच्या प्रतिसादाला +१. जर्नलवरचा भाग प्रिंट काढून लॅबमध्ये लावावा असा आहे.

गणिताची आवड असलेल्यांसाठी एक भर. एमटीटीएस नावाचा कार्यक्रम 1993 पासून चालू आहे. उन्हाळ्यात चार आठवडे, वेगवेगळ्या पातळ्या, आणि पद्धत अशी की शिक्षक उत्तर सांगत नाहीत, तुमच्याकडून काढून घेतात. पहिले काही दिवस माणूस गांगरतो. नंतर व्याख्या नीट वाचायची सवय लागते ती जन्मभर पुरते. मुख्यतः गणितवाल्यांसाठी आहे, पण तुझ्याकडे गणित आहे तेव्हा जाहिरात जरूर बघ.

पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, तिथेही गणिताचे वर्ग चालतात. कराडहून रोज येणं शक्य नाही हे कळतं, पण सुट्टीत कुणा नातेवाइकाकडे राहणार असशील तर चौकशी कर.

आणि रेषीय बीजगणित! कॉलेजात ते मॅट्रिक्सच्या आकडेमोडीपुरतं शिकवतात. पुढे क्वांटम मेकॅनिक्स सगळं त्याच भाषेत आहे. एफवायच्या उन्हाळ्यात एवढा एक विषय मुळापासून केलास तरी टीवायला तू वर्गात निवांत असशील.

डोंबिवलीकर

मला थोडा वेगळा सूर लावायचाय. मुलगी सतरा-अठरा वर्षांची आहे. आत्ताच पीएचडीपर्यंतचा आराखडा डोक्यावर ठेवला तर तिला विषय आवडतोय की आराखडा आवडतोय हेच कळायचं नाही. माझ्या ओळखीत एक मुलगा खगोलशास्त्रच म्हणत आला, दुसऱ्या वर्षी घनस्थिती भौतिकीच्या प्रेमात पडला आणि आज त्यात उत्तम काम करतोय. दुसरी एक डेटा सायन्सकडे गेली आणि सुखी आहे. मन बदलायला जागा ठेवा.

त्यासाठी एकच सुचवतो, पायथन शीक. कौशल्य-अभ्यासक्रमाचे जे क्रेडिट असतात त्यात तो पर्याय असेल तर तोच घे. नसेल तर स्वतः शीक, लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या संगणकावर. वर सरांनी लंबकाचं जे गणित केलंय तेच प्रोग्रॅममध्ये करून बघ, आलेख काढ. संशोधनात राहिलीस तर रोज लागेल, नाही राहिलीस तर नोकरीला उपयोगी पडेल. पप्पांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

वेताळटेकडी

@डोंबिवलीकर, मन बदलायला जागा हवी हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी परीक्षांऐवजी शिबिरांवर जोर दिला. शिबिरात दोन-तीन आठवडे खरं काम बघितलं की आवड खरी आहे का ते कळतं. एफवायला असताना कळलेलं बरं.

पप्पांच्या उरलेल्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. भारतात विज्ञानात पीएचडी करताना फी भरून कर्जबाजारी व्हायची वेळ सहसा येत नाही, उलट दरमहा पैसे मिळतात. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, आणि वर शहराप्रमाणे घरभाडं भत्ता. हे दर जानेवारी 2023 पासून आहेत. मोठ्या संस्थांत वसतिगृह असतं. गावी थोडे पैसे पाठवणारे कितीतरी जण माझ्या आसपास आहेत. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएचडीसाठीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, ज्या प्रवर्गात बसत असशील तिथे चौकशी कर. पैसा खरा लागतो तो बीएस्सी आणि एमएस्सीच्या पाच वर्षांत. म्हणून इन्स्पायरचं पहिल्यांदा लिहिलं.

पप्पांना हेही प्रामाणिकपणे सांग की पीएचडीनंतर लगेच कायम नोकरी मिळेल अशी खात्री नाही. पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाची) काही वर्षं बाहेर काढावी लागतात, कदाचित परदेशात. ते त्यांना आत्ताच माहीत असलेलं चांगलं.

मिडवेस्ट_मराठी

परदेशाबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी अमेरिकेत फिजिक्समध्ये पीएचडी केली, आता शिकवते.

अमेरिकेत एमएस आणि पीएचडी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे लोक दोन्हींना ‘यूएसला जाणं’ म्हणतात. एमएसला सहसा स्वतःचे पैसे घालावे लागतात, त्यासाठीच घरं गहाण पडतात. फिजिक्सच्या पीएचडीला बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन देतात. शिवाय पीएचडीला बॅचलर पदवीनंतर थेट अर्ज करता येतो, एमएस्सी हवीच असं नाही. मात्र पुष्कळ विद्यापीठांना पदवी चार वर्षांची लागते. इथे तुझ्या चौथ्या वर्षाचा प्रश्न येतो.

अर्ज साधारण डिसेंबरात असतात, पुढच्या ऑगस्टसाठी. लागतं काय? गुणपत्रिका, टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, तू काय केलंस आणि काय करायचंय हे सांगणारा निबंध, आणि तीन शिफारसपत्रं. फिजिक्सची वेगळी जीआरई परीक्षा पूर्वी सगळीकडे लागायची, आता बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक केलीय किंवा काढून टाकलीय.

या सगळ्यात पत्रांचं वजन फार असतं. प्रवेश समितीत बसून वाचलेली पत्रं सांगते. ‘ही विद्यार्थिनी नियमित, आज्ञाधारक आणि वर्गात पहिली आहे’ अशा पत्राचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण पहिली आहे ते गुणपत्रिकेत दिसतंच. ‘हिनं प्रयोगात सतत एकाच बाजूला येणारी चूक पकडली, ती उपकरणातल्या सैल स्क्रूमुळे आहे हे दाखवलं, आणि मला ते माहीत नव्हतं’ असं पत्र आलं की सगळे थांबून वाचतात. फळा_खडू सरांच्या वहीचा धागा थेट इथे पोचतो.

तीन पत्रं म्हणजे तुझं काम जवळून बघितलेली तीन माणसं. ती टीवायच्या नोव्हेंबरात शोधून मिळत नाहीत. एक कॉलेजातले सर, एक उन्हाळी प्रकल्पाचे मार्गदर्शक, एक चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाचे किंवा शिबिरातले, असं आपोआप जमत जातं. पण सुरुवात पहिल्या वर्षापासून झालेली असेल तरच.

म्युनिकहून

जर्मनीचं थोडक्यात. इथे आधी मास्टर्स, मग पीएचडी. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, पण सरसकट ‘जर्मनी फुकट’ असं धरू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळ्यापासून फी सुरू केली. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे बँकेत अडकवून दाखवावे लागतात, सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे. ते पैसे तुमचेच असतात, महिन्याला थोडे थोडे मिळतात. पण एकदम उभे करावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांची एपीएस पडताळणीही करून घ्यावी लागते.

आता पहिल्या वर्षाला लागू असं काही. एक, दरवर्षीचा विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम पीडीएफ उतरवून जपून ठेव. इथे प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तास, किती क्रेडिट हे विचारतात. विद्यापीठ संकेतस्थळ बदलतं, जुना अभ्यासक्रम गायब होतो, आणि मग कॉलेजात चकरा. तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी क्रेडिट कमी पडतात म्हणून नाकारतात. तेव्हा हा कागद कामी येतो.

दोन, नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर तिसराच, आणि वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे कुठे नाही. दहावी, बारावी, आधार, शैक्षणिक क्रेडिट जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं, सगळीकडे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का ते याच सुट्टीत बघून घे. दुरुस्ती आत्ता सोपी आहे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री पप्पांना आणि आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. 37,000 चा आकडा ऐकून पप्पांनी तो कागदावर लिहून घेतला. आधारवर माझ्या नावाचं स्पेलिंग खरंच वेगळं निघालं, उद्या केंद्रावर जातोय. इन्स्पायरसाठी बारावीच्या टक्क्यांची मर्यादा बघितली, मी बसते!

दोन शंका राहिल्यात. तीन वर्षं की चार, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आणि उन्हाळी प्रकल्पासाठी कुणाला विचारायचं, कसं विचारायचं? आमच्या कॉलेजात संशोधन करणारे सर नाहीत. मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना एफवायच्या मुलीनं मेल केलेली चालते का? इंग्रजी लिहायचीही भीती वाटते.

फळा_खडू

तीन की चार: वर्षं दोन्हीकडे सारखीच होतात. तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चार वर्षं करून एक वर्षाची एमएस्सी. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर यूजीसीच्या नियमाने थेट पीएचडीला अर्ज करता येतो. कागदावर चौथं वर्ष आकर्षक दिसतं. पण ते कुठे करणार हा खरा प्रश्न आहे. ज्या कॉलेजात संशोधन करणारे मार्गदर्शक नाहीत, उपकरणं नाहीत, तिथे चौथं वर्ष म्हणजे तिसऱ्या वर्षाचीच पुढची आवृत्ती होते. माझं मत स्पष्ट आहे: टीवायला जॅम, जेस्ट, जीएस सगळ्या दे. चांगल्या संस्थेत जागा मिळाली तर चौथ्या वर्षासाठी थांबू नकोस, जा. नाही मिळाली, किंवा अमेरिकेचं पक्कं झालं, तर चौथं वर्ष घे, पण जिथे मार्गदर्शक आहे अशा ठिकाणी घ्यायचा प्रयत्न कर. हा निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही. आत्ता फक्त 75 टक्क्यांच्या खाली घसरू नकोस, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

आणि शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग तुझ्या हाताशी आहे. थिन फिल्म (पदार्थांचे अतिपातळ थर) आणि पदार्थविज्ञानात तिथे मोठं काम झालंय. तुझा विषय तो नसेल, पण कराडहून कोल्हापूर दोन तासांचं अंतर. एक दिवस सरांची ओळख काढून प्रयोगशाळा बघून ये. निर्वात कक्ष, एक्स-रे विवर्तनाचं यंत्र प्रत्यक्ष चालताना बघितलं की पुस्तकातली वाक्यं वेगळी दिसायला लागतात.

सांगलीकर_आई

सर, क्लासचे पैसे भरले नाहीत. मुलाला वहीचं सांगितलं. तो म्हणाला लॅबमध्ये एका टेबलावर सहा जण असतात, रीडिंग एकच जण घेतो. त्यावर काही उपाय आहे का?

फळा_खडू

आहे. प्रॅक्टिकल संपल्यावर लॅब असिस्टंटला नीट विचारा, ‘दादा, मी एकटा पुन्हा एकदा रीडिंग घेऊ का, सगळं जागेवर ठेवून जाईन.’ आमच्याकडचे असिस्टंट अशा मुलांसाठी थांबतात. ती माणसं उपकरणं आमच्यापेक्षा जास्त ओळखतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं. आणि लंबकाला तर दोरी, नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं, तो घरी दाराच्या चौकटीलाही टांगता येईल.

वेताळटेकडी

मेलबद्दल. चालते, जरूर कर, पण लगेच नको. एफवायचं पहिलं सेमिस्टर होऊ दे. मेल करण्याआधी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला ये. जीएमआरटी त्या वेळी सगळ्यांसाठी खुलं असतं, शाळा-कॉलेजांचे प्रकल्प मांडलेले असतात, आणि तिथे काम करणारे लोक अँटेनाखाली उभे राहून प्रश्नांची उत्तरं देतात. पुण्याहून नारायणगावची एसटी, तिथून खोडद जवळ आहे. पप्पांनाही आण, त्यांना त्या तारांच्या जाळीच्या अँटेना बघायला नक्की आवडतील. पुढे एसवायपासून पुण्यातली रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा आहे, पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे उन्हाळ्यातले कार्यक्रम आहेत, आणि देशाच्या विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. अकादम्यांचा अर्ज हिवाळ्यात भरायचा असतो आणि त्याला शिक्षकाचं पत्र लागतं.

मेल लिहिताना इंग्रजी साधं असलं तरी काही बिघडत नाही. आम्हा लोकांना रोज ज्या मेल येतात त्यांतल्या बहुतेक एकसारख्या असतात: ‘तुमच्या थोर संशोधनाने मी भारावून गेले आहे’, खाली बायोडेटा. त्या कुणी उघडत नाही. तू असं कर. ज्यांना लिहायचं त्यांच्या संस्थेच्या पानावर जाऊन त्यांचं एखादं सोपं व्याख्यान किंवा लेख शोध. यूट्यूबवर पुष्कळांची व्याख्यानं आहेत. पूर्ण ऐक. समजलं नाही तिथे थांब आणि एक प्रश्न काढ, खरा. मग मेल:

पहिली ओळ, मी कोण, कुठल्या कॉलेजात, कितव्या वर्षाला. दुसरी, तुमचं अमुक व्याख्यान ऐकलं, त्यात हे कळलं आणि इथे अडले. तिसरी, मला आत्ता काय येतं: कलनशास्त्र एवढं झालंय, पायथनमध्ये डेटा वाचून आलेख काढता येतो. जे येत नाही ते येतं म्हणून लिहू नकोस. चौथी, अमुक महिन्यात इतके आठवडे मी येऊ शकते, वाचायला काही दिलंत तरी चालेल. सोबत गुणपत्रिका आणि त्या वहीतली दोन पानं स्कॅन करून. बस, एवढंच. दहा ओळींच्या वर जाऊ देऊ नकोस.

एकाच दिवशी चाळीस जणांना तीच मेल पाठवू नकोस, ते लगेच कळतं. दोघा-तिघांना पाठव, उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण कर, त्यानंतर पुढच्या दोघांना. नकार आला तरी आभार मान आणि ‘मग मी आत्ता काय वाचू’ एवढं विचार. त्याचं उत्तर बहुतेक जण देतात. पाठवण्याआधी मसुदा इथे टाक, मी आणि मिडवेस्ट ताई बघून देऊ.

मिडवेस्ट_मराठी

हो, नक्की टाक. इंग्रजी मी तपासते. मजकूर मात्र तुझाच राहू दे.